एक राहिलं

माझ्या मेव्हण्याचं नाव ओक्वुदिली. नाशिकमध्ये ते कोणाच्या जिभेवर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून अंबडला आमच्या टूलरूममध्ये पहिल्याच आठवड्यात त्याचा दिलीप झाला. दूधवाला त्याला दिलीपभाऊ म्हणायचा, घरमालक दिलीपशेठ, आणि तो कोणालाच दुरुस्त करत नसे. घरात मात्र त्याच्या मुलांनी बापाचं नाव सांगताना अर्धं अक्षर जरी खाल्लं तरी तो पुन्हा म्हणायला लावायचा. बाहेरच्यांनी काय वाटेल ते म्हणावं, तुम्ही चुकायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

संपदा माझी धाकटी बहीण. पुण्याला एम.एस्सी. करताना तिला हा नायजेरियातून शिकायला आलेला इग्बो मुलगा भेटला आणि तिने त्याच्याशी लग्न केलं. आमचे वडील चिंतामणशास्त्री, म्हणजे आमचे नाना, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. गावोगावचे यजमान यायचे, त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं नाना घडाघडा सांगायचे आणि पिंड घालून घ्यायचे. आमची चूल पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांवर पेटत आलेली. मी त्यातून अंग काढून घेऊन कारखान्यात गेलो, ते नानांनी कसंबसं गिळलं. संपदाने लग्न केलं तेव्हा मात्र त्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली.

ती नवऱ्याबरोबर तिकडे गेली, दोघांनी शाळेत शिकवलं, दोन मुलं झाली. मग तिकडे शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकायला लागले आणि चौऱ्याण्णव साली बिऱ्हाड नाशिकला आलं. सातपूरला दोन खोल्या मिळाल्या, त्याला मी माझ्या कारखान्यात चिकटवलं. नाना पंचवटीतून सातपूरला एकदाही आले नाहीत. नातवंडं बघायची इच्छा होती, हे मला त्यांच्या आडून आडून केलेल्या चौकशांवरून कळायचं. पण पीळ काही सुटत नव्हता.

दर रविवारी सकाळी दिली, घरात आम्ही त्याला दिलीच म्हणायचो, मुलांना घेऊन बसायचा. इंग्रज येण्याच्या आधी आपण कोण होतो, हा विषय. दाराच्या मागे खडूने चार वार लिहिलेले असायचे, एके, ओरिए, आफो, न्क्वो, कारण त्यांच्याकडे आठवडा चार दिवसांचा आणि प्रत्येक दिवस एका बाजाराचा. मुलगा एकेच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचं नाव नवेके. मोठी मुलगी ओबियागेली. या वारांचा बिनचूक हिशेब तिच्याकडे असायचा. आज बुधवार ना, असं मी म्हटलं की ती म्हणायची, आणि आफो.

बसल्यावर पहिल्यांदा कोला फोडायचा असतो. ते एक कडवट-तुरट बी, पाहुण्यापुढे आणि पितरांपुढे ठेवतात, घरातल्या वडील पुरुषाने चार शब्द बोलून फोडायचं आणि सगळ्यांना वाटायचं. बायकांनी फोडायचं नाही. नाशिकला कोला कुठून मिळणार, म्हणून दिलीने सुपारीवर भागवलं होतं. कोलाला इंग्रजी कळत नाही, म्हणून त्याच्याशी इग्बोतच बोलायचं असतं, असं त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो की ही सुपारी तर भद्रकालीतल्या दुकानातली आहे, हिला इग्बो काय कळणार. दिली गंभीरपणे म्हणाला, "शिकेल. मी नाही का मराठी शिकलो."

मग नावं. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात. उदे, म्बानेफो, ओकेके, इलोका, न्वाफो, ओक्वुदिली. प्रत्येक नावापाठोपाठ मुलांनी "इसे" म्हणायचं, म्हणजे तसंच असो. आणि यात त्याने एक खेळ घातला होता. मध्येच एखादं नाव तो मुद्दाम गाळायचा. ज्याच्या लक्षात येईल त्याने ओरडायचं, "एक राहिलं!", आणि राहिलेलं नाव स्वतः मोठ्याने घ्यायचं. मग बाकीच्यांनी इसे म्हणायचं, तेव्हा कुठे गाडी पुढे जायची. नवेके पाच वर्षांचा असल्यापासून यात तरबेज. बाप तोंड उघडायच्या आत तो दबा धरून बसलेला असायचा.

मला सुरुवातीला हा सगळा खुळेपणा वाटायचा. आम्ही आमचं घर याच नावांच्या धंद्याला कंटाळून सोडलेलं, आणि हा माणूस साता समुद्रापलीकडून येऊन तेच मुलांच्या डोक्यात भरतोय. एकदा सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपवर मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा त्याने धाकट्या भावाचं सांगितलं.

बियाफ्राच्या युद्धात त्यांच्या भागात उपासमार झाली. आईला वाटलं निदान धाकटा तरी जगावा, म्हणून तिने त्याला मदतीच्या विमानात बसवलं. पोरांना गॅबॉन नावाच्या देशात नेत होते. युद्ध संपल्यावर मुलं परत आली, रांगेत उभी केली, आणि प्रत्येकाला विचारलं, तू कोणाचा? ज्यांना बापाचं, आज्याचं, गावाचं नाव सांगता आलं ती घरी गेली. ओन्येमा फार लहान होता. तो रांगेत होता की नव्हता, हेही कोणाला कळलं नाही. दिली म्हणाला, "देवभाऊ, माझी मुलं उद्या माझ्या गावच्या अंगणात उभी राहतील. लोक विचारतील, कोणाची? त्यांना सांगता आलं पाहिजे. नाहीतर ती माझी नाहीत." त्यानंतर मी कधी थट्टा केली नाही.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी ओबियागेलीला अंगाला पानं बांधून जंगली नाच करायला सांगितला. तिला तर मेकअपही नको, असं वर हसून म्हणाल्या. पोरगी रडत घरी आली. मी शाळेत जाऊन तमाशा करणार होतो, दिलीने मला बसवलं. पुढच्या रविवारी तो दोघांना तांबट आळीत घेऊन गेला. ठोके पडत होते ते त्यांना बराच वेळ ऐकवलं, आणि मग सांगितलं की हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी कांस्याचा शंख ओतलाय, गोगलगायीच्या कवचाएवढा पातळ, वर नक्षी. तेव्हा इंग्रजांना आपला पत्ताही ठाऊक नव्हता. येताना शरणपूरला नेऊन दाखवलं की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं मिशनने इथे आणून ठेवली होती. त्यांना खायला मिळालं, कपडे मिळाले, कामं शिकवली, आणि नवी नावं दिली. ओबियागेलीने विचारलं, मग त्यांची आधीची नावं कोणी लिहून ठेवली? दिली म्हणाला, कोणीच नाही.

एवढं सगळं त्याने मुलांना शिकवलं. फक्त एक गोष्ट शिकवायची राहिली, कारण जिवंत माणसाने मुलांसमोर स्वतःच्या मरणाचं बोलू नये, असा त्यांच्याकडे संकेत. ओबियागेलीने एकदा विचारलं होतं, न्वाफो आजोबा आता कुठे आहेत? तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की घरासमोर, अंगणात, आपण रोज त्यांच्याजवळूनच ये-जा करतो.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात दिलीला ताप आला. दोन दिवस गोळ्या घेऊन कामावर आला, तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या बोलायचा थांबला. ताप मेंदूत गेला होता. दवाखान्यात सगळे उपाय झाले, पण तो शुद्धीवर आला नाही. पहाटे गेला.

मी पहिल्यांदा धावलो तो आयएसडी बूथवर. ओनित्शा नावाच्या शहरात त्याच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान, तिथला एक नंबर संपदाकडे होता. सकाळभर फिरवत होतो, लागेना. आणि मी तिकडे काचेच्या खोक्यात घाम गाळत असताना सातपूरला नाना आले.

रिक्षातून उतरले, सोवळ्याचा विचार न करता सरळ आत गेले, आणि संपदाला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संपदाने मला हे नंतर सांगितलं. घरमालक विचारत होता, ख्रिश्चनांच्या कबरस्तानात विचारू का? पण दिली कधी चर्चची पायरी चढला नव्हता. मिशनऱ्यांनी ठेवलेलं नावही त्याने केव्हाच टाकून दिलेलं. कबरस्तानाची परवानगी, शवपेटी, पाऊस, दवाखान्याची घाई. नाना म्हणाले, कोणाच्या दारात जायचं नाही, तो माझा जावई आहे, त्याचं सगळं मी करीन. रामकुंडावरचे चार लोक नाकं मुरडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या बिरादरीच्या भीतीने त्यांनी मुलगी टाकली, तिला त्या सकाळी त्यांनी धाब्यावर बसवलं. माझ्या बापाने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात धाडसाचं काम, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. त्या कामानेच घात केला, हे खरं असलं तरी.

ओबियागेली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तेव्हा ती दहाची होती. ती म्हणाली, "आजोबा, पप्पांना जाळायचं नसतं. घरासमोर ठेवायचं असतं."

नाना खाली बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळा, आपल्यात असंच करतात. आणि आजपासून तुझे पप्पा आपले झाले."

ती आईकडे गेली. संपदाला त्या वेळी कोणी काय बोलतंय हे कळतच नव्हतं. बायका मुलीला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. मी अमरधामला पोचलो तेव्हा चिता पेटली होती.

नानांनी कशातच काटकसर केली नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तसं त्याला काश्यप गोत्र दिलं. अस्थी रामकुंडात सोडल्या, त्याही स्वतः पाण्यात उतरून. आमच्या रामकुंडाची ख्याती अशी की इथे हाडसुद्धा विरघळतं; लोक त्यासाठी देशभरातून येतात. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. जमलेले म्हणाले, भाग्यवान, मागे काहीच इच्छा राहिली नाही. पिंडदानाच्या वेळी नानांनी नवेकेला वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं विचारली, तर त्या मुंडन केलेल्या सात वर्षांच्या पोराने न अडखळता थेट उदेपर्यंत सगळी म्हणून दाखवली. पिढीजात यजमानांच्या मुलांना आजोबाचं नाव आठवत नाही. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, कोणत्या घरातलं पोर आहे हे!

फोन लागला तो तेराव्यानंतर, आणि दिली गेला एवढं सांगतोय तोवर तुटला; जाळल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

पुढचं वर्षभर नाना दर रविवारी सातपूरला यायचे. संपदाने धडे चालू ठेवले. सुपारी तिला फोडता येत नव्हती, ती नुसती ताटलीत ठेवायची आणि नावं म्हणवून घ्यायची, खेळासकट. नाना कोपऱ्यात बसून ऐकायचे. इग्बो कळत नसलं तरी नावांचा क्रम त्यांना पाठ झाला होता. तो त्यांचा पेशाच. आता या पोरांना तिकडे कोणी परकं म्हणणार नाही, असं संपदा वारंवार म्हणायची. दिलीचं तेवढं एक तरी पुरं करायचं, यावर ती उभी होती.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात थोरला भाऊ आला. एझेन्वा. तिकीट आणि व्हिसा जमवण्यात त्याचं वर्ष गेलं होतं. दिलीपेक्षा उंच, हातात एक लांबट लाकडी पेटी, आतून पांढरं कापड लावलेली. ती विमानातून कशी आणली असेल देव जाणे. मुलांना पाहिल्यावर त्याने पहिल्यांदा नवेकेला विचारलं, तू कोणाचा? नवेकेने सगळं सांगितलं. एझेन्वा मोठ्याने हसला, त्याला उचललं, आणि संपदाला म्हणाला की माझ्या भावाने पोरं वाया जाऊ दिली नाहीत. संपदा लग्नानंतर पहिल्यांदाच एवढी खुललेली मी पाहिली.

मग त्याने विचारलं, भाऊ कुठे आहे? मी त्याला न्यायला आलोय.

मी इंग्रजीत शब्द जुळवत होतो, तोवर नाना उठले. पाहुण्याला तिथेच घेऊन जाऊ म्हणाले. त्यांना वाटलं त्याला तीर्थाचं दर्शन हवंय. आम्ही रामकुंडावर गेलो. नाना मोठ्या उत्साहाने पाण्याकडे हात करून सांगत होते की जावयाला इथे सोडलं, इथे अस्थी विरघळतात, तुमचा भाऊ मुक्त झाला, आणि मला ते शब्द न्‌ शब्द इंग्रजीत सांगणं भाग होतं. मी सांगितलं. एझेन्वाने दोनदा विचारलं की हाडंही नाहीत का. मग तो पायरीवर बसला, पेटी मांडीवर घेऊन. आजूबाजूला कोणी कोणाचं डोकं भादरत होतं, कोणी नाणी शोधायला पाण्यात बुडी मारत होतं.

तो मला म्हणाला, "यांना सांग, मी रागावलो नाही. यांनी त्याला सोडवलं. पण आम्ही माणसाला सोडवत नाही. अंगणात ठेवतो, म्हणजे तो पुढे आमच्याच घरात पुन्हा जन्माला येतो. आता तो कुठून येणार?"

मी ते नानांना सांगितलं. माझ्या बापाचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्यांनी घाईघाईने कुंडातली मूठभर वाळू काढली, पंच्याच्या टोकात घेतली आणि त्याच्यापुढे धरली. हे घेऊन जा, म्हणाले, हे ठेवा पेटीत.

एझेन्वाने त्यांचा हात हळूच मिटवला. "ओन्येमाच्या वेळी आईने रिकामी पेटी पुरलीय," तो मला म्हणाला. "ती अजून जिवंत आहे. तिला मी दुसरी नेऊन दाखवणार नाही." ज्याला माती मिळाली नाही त्याचं नाव आमच्या घरात पितरांमध्ये घेत नाहीत, असंही त्याने सांगितलं. नाव घेणं म्हणजे हाक मारणं. हाक मारायची तर तो कुठेतरी असला पाहिजे. ओन्येमाचं नाव म्हणूनच तीस वर्षं कोणी घेतलं नव्हतं. मग बापाचं नावच नाही तर पोरं कोणाची, हे मी विचारलं. त्यांना गावात कोणी हाकलणार नाही, पाहुणी म्हणून आली तर खुशाल येऊ देत, तो म्हणाला. पाहुणी हा शब्द मी संपदाला सांगितला नाही. पण तिला इंग्रजी माझ्याहून बरं येतं.

जायच्या दिवशी सकाळी तो सातपूरच्या खोलीत बसला. पिशवीतून त्याने खरा कोला काढला, तांबूस, सुपारीपेक्षा मोठा. मुलांनी तो जन्मात पाहिला नव्हता. ताटलीत ठेवल्यावर नवेके पुढे सरकून मांडी घालून बसला, अगदी बापासमोर बसायचा तसा. मी, संपदा, ओबियागेली भिंतीशी. नाना नेहमीच्या कोपऱ्यात.

एझेन्वाने कोला हातात घेतला आणि डोळे मिटून नावं सुरू केली. उदे. मुलं म्हणाली, इसे. म्बानेफो. इसे. ओकेके. इसे. इलोका. इसे. न्वाफो. इसे.

आणि त्याने कोला फोडला.

"एक राहिलं!" नवेके ओरडला. चेहरा आनंदाने फुललेला. वर्षभर आईच्या तोंडून चाललेला खेळ आज काकाही खेळतोय, असंच त्याला वाटलं असणार. आणि नियमाप्रमाणे त्याने राहिलेलं नाव स्वतः घेतलं, एक अक्षर न खाता. "ओक्वुदिली!"

एझेन्वा कोलाच्या फाकी वेगळ्या करत होता. त्याचे हात थांबले, पण ओठ हलले नाहीत. ओबियागेलीने मान खाली घातली. तिला समजलं होतं, तिला तर पहिल्या दिवसापासूनच समजत होतं. संपदाने तोंडावर पदर दाबला. नानांचा उजवा हात तर्पणाचं पाणी सोडायला पुढे होतो तसा आपोआप पुढे झाला होता. तो त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी तो मागे घेऊन उपरण्याखाली लपवला.

नवेकेने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला वाटलं कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणून त्याने बापाचं नाव आणखी मोठ्याने घेतलं, आणि कोणीतरी इसे म्हणेल म्हणून वाट बघत बसला.